कॅसिनोतली काकू

मार्केट यार्डात मसाल्याच्या गाळ्यांच्या गल्लीत शिरलं की आधी शिंक येते, मग डोळ्यांना पाणी येतं, आणि त्यानंतर कुठे एकेक वास वेगळा ओळखू यायला लागतो. परवा काकूच्या सोबतीला म्हणून गेले होते. मिरच्यांची पोती खांद्यावर टाकून हमाल 'वाट द्या, वाट द्या' करत जात होते आणि काकू एका गाळ्यासमोर उभी राहून तळहातावर चार दाणे चोळत होती. नाकाशी नेऊन तिने ते हुंगले आणि माझ्या नाकाखाली धरले.

"तिरफल," ती म्हणाली. पस्तीस वर्षं पुण्यात काढली तरी तिला 'ळ' काही जमला नाही.

गाळेवाला म्हणाला, "कोकणातल्या का आपण?"

"काठमांडूच्या," काकू म्हणाली. "आमचं टिमुर असतं. हे त्याचं बहीण आहे. चुलत."

त्या वासाने मी मागे गेले. आमच्या घराच्या गच्चीवर, सिमेंटच्या टाकीला पाठ लावून बसले. तेव्हा कर्वेनगरात इतक्या इमारती नव्हत्या. गच्चीवरून वारज्याच्या बाजूची हिरवी शेतं दिसायची, संध्याकाळी तिकडून उसाच्या पाचटाचा धूर यायचा. ते घर आजोबांनी बांधलं होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी करून, निवृत्त झाल्यावर, एकेक खोली वाढवत. छप्पन साली तरुण आजोबांनी धम्म स्वीकारला आणि तेव्हापासून त्यांच्या जगण्याला एक ताठ कणा आला. रविवारी सकाळी घरात वंदना व्हायची. मोगऱ्याची फुलं, उदबत्ती, आणि आजोबांचा तो खणखणीत आवाज. पंचशील म्हणून झालं की ते आम्हा मुलांसाठी मराठीत आणखी एक शील जोडायचे. "आणि जुगाराच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही." खडकीच्या वस्तीत असताना त्यांनी तिथला मटक्याचा अड्डा बंद पाडला होता. पगाराच्या दिवशी ते स्वतः वस्तीच्या तोंडाशी उभे राहायचे आणि अड्ड्याकडे वळणाऱ्या बापांना दंडाला धरून घरी पोचवायचे, असं बाबा सांगत.

त्यांचा धाकटा मुलगा, माझा मिलिंदकाका, काठमांडूला होता. मोठ्या हॉटेलात नोकरीला, एवढंच आम्हाला माहीत. तो पत्रांतून स्तूपांचे फोटो पाठवायचा. पांढरा घुमट, त्यावर रंगवलेले डोळे, वाऱ्यात उडणाऱ्या रंगीत पताका. आजोबा ते फोटो विहारात नेऊन दाखवायचे. "माझा मुलगा बुद्धाच्या जन्मभूमीत असतो," असं म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा मऊ व्हायचा.

मग एका उन्हाळ्यात दूरदर्शनवर काठमांडू दिसायला लागलं. बंद दुकानं, रिकामे रस्ते, संचारबंदी. तिथे राजाचं राज्य होतं आणि राजकीय पक्षांना बंदी होती, ती उठवावी म्हणून लोक रस्त्यावर आले होते. मी आठ-नऊ वर्षांची होते, मला एवढंच कळत होतं की बातम्या लागल्या की आई हातातलं लाटणं तसंच धरून दारात येऊन उभी राहते. काकाचं पत्र नाही, फोन नाही. आजोबा रोज सकाळी फाटकाची कडी काढून ठेवायचे.

आणि एके दुपारी फाटकासमोर रिक्षा थांबली. काका उतरला. वाळलेला, दाढी वाढलेला. त्याच्या मागून एक बुटकी, गोरी, गोल चेहऱ्याची बाई उतरली. अंगावर साधी सुती साडी, हातात एक पत्र्याची ट्रंक, आणि ट्रंकेतून येणारा तो वास, लिंबाच्या सालीसारखा पण जिभेला मुंग्या आणणारा.

"बाबा, ही सानू," काका म्हणाला. "आम्ही लग्न केलंय."

आजोबांनी विचारलं, "पूर्ण नाव काय, बाळा?"

"सानुमाया शाक्य."

आजोबा खुर्चीवरून उठले. "शाक्य? म्हणजे शाक्यमुनींच्या कुळातले?"

"सगळे तसंच म्हणतात," ती मोडक्या हिंदीत म्हणाली. "माझे वडील मूर्ती ओततात. बुद्धाच्या."

आजोबांनी तिच्या हातातली ट्रंक स्वतः घेतली. माझ्या आईच्या हातातली पिशवी त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही. आई त्यावरून पुढे वर्षानुवर्षं त्यांना चिडवायची. सानूने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बुवा."

"बुवा?" आजोबा दचकले. "मी बुवा नाही हो! आयुष्य गेलं बुवाबाजीविरुद्ध बोलण्यात!"

काका पहिल्यांदा हसला. "बाबा, त्यांच्याकडे वडिलांना बुवा म्हणतात."

नंतर ती त्यांना जन्मभर बुवा म्हणाली आणि ते जन्मभर ओ देत राहिले. मला ती 'नानी' म्हणायची. तिच्या भाषेत त्याचा अर्थ लहान बाळ. पण शाळेतल्या मैत्रिणींनी ते ऐकलं आणि मी चौथीतच आजी झाले.

काही दिवसांत बातमी आली, राजाने माघार घेतली, पक्षांवरची बंदी उठली. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीच्या पडद्यावर गुलाल उडवणारी माणसं होती, तुरुंगाच्या दारातून बाहेर येणारी पोरं होती. काकू पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली. तिचा धाकटा भाऊ पत्रकं वाटताना पकडला गेला होता. ती त्या ठिपक्यांमध्ये त्याला शोधत होती. पडद्यावर बोट ठेवायची, "हा? होइन, हा नाही," म्हणायची आणि पुसून टाकल्यासारखं बोट पुढे न्यायची. तिच्या गावाची दिवाळी तिला आमच्या टीव्हीत बघावी लागली. भाऊ सुटल्याची तार नंतर आली. ती तार घेऊन ती गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

त्या आनंदात आजोबांनी विहारातल्या मंडळींना जेवायला बोलावलं. अंगणात मांडव, पुऱ्या तळल्याचा वास, बटाट्याची भाजी, गव्हाची खीर. काकू नव्या साडीत अवघडून बसली होती. कुणीतरी कौतुकाने विचारलं, "सूनबाई, आमच्या मिलिंदची नि तुमची ओळख कशी झाली?"

तिला लपवायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. ती लाजून म्हणाली, "कॅसिनोमध्ये. हे टेबलवर पत्ते वाटायचे. मी खिडकीत चिप्स द्यायची."

"बटाट्याच्या?" एका आजीबाईंनी विचारलं.

कुणी हसलं नाही. आजोबांना कॅसिनो म्हणजे काय ते ठाऊक होतं. ते पाण्याचा जग घेऊन पंगतीत वाढत होते. त्यांनी शेवटच्या पानापर्यंत पाणी वाढलं. जग ठेवला आणि आत निघून गेले.

सगळे गेल्यावर काका त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी दाराआड होते.

"वस्तीतल्या लोकांना मी जुगारातून ओढून काढलं," आजोबा म्हणाले, "आणि तू तिकडे पत्ते वाटत होतास."

"तिथे ते कायदेशीर आहे, बाबा. सरकारच्या परवान्याने चालतं."

"कायदेशीर!" आजोबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "शिवाशिवसुद्धा चालतच होती की एके काळी कायद्याला."

त्या दिवसापासून आजोबांनी काकाशी बोलणं टाकलं.

एका घरात राहून न बोलणं ही मोठी कष्टाची गोष्ट असते. आजोबा काकूशी बोलायचे, तिला वर्तमानपत्र वाचायला शिकवायचे, तिच्या चुका सुधारायचे. "बाबा आली नव्हे, सानू, बाबा आले." पण काकासाठीचा निरोप तिच्यामार्फत जायचा. काका शेजारच्याच खाटेवर बसलेला असायचा.

"सानू, त्याला सांग, दूध आणायचं राहिलंय."

काकू वळून काकाला सांगायची, "बुवा म्हणतात, चहा घे, मग दूध आण."

आजोबा खाकरायचे, पण दुरुस्ती करायचे नाहीत.

काकाला पुण्यात लवकर काम मिळेना. त्याच्या हातांना जे येत होतं त्याला इथे गिऱ्हाईक नव्हतं. दुपारी तो मला गच्चीवर घेऊन बसायचा आणि चिंचोके वाटून दाखवायचा. चिंचोक्यांची चवड एका हाताने उचलायची, बोटांतून सोडायची, तिचा करकर आवाज यायचा. "चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, असाच आवाज यायचा तिथे," तो सांगायचा. जाड गालिचा, सिगारेटचा धूर, गुलाबपाणी शिंपडलेले रुमाल. भिंतीवर घड्याळ नाही. विमानाने आलेले आपल्याकडचे शेठ. आणि दारात पहारेकरी. तो त्या देशाच्या माणसाला आत सोडायचा नाही. राजाचा नियमच तसा होता. खेळायचं ते परदेश्यांनी. सानूकाकूसारख्यांनी मागच्या दाराने कामाला यायचं.

"म्हणजे आपल्याच घरात आपल्याला बंदी?" मी विचारलं होतं.

"हो. आणि नानी, गंमत बघ," काका म्हणाला, "आत पत्ते वाटायला परवानगी, बाहेर पत्रक वाटलं तर तुरुंग."

टेबलावरून उठताना तो एकदा टाळी वाजवायचा आणि दोन्ही तळवे उघडून दाखवायचा. हातात काही लपवलेलं नाही, हे दाखवायची तिथली रीत. जेवणाच्या पानावरून उठतानाही त्याच्याकडून ते व्हायचं. आजोबा ते बघायचे आणि तोंड फिरवायचे.

काकूने त्या हिवाळ्यात गच्चीवर मोहरीचा आणि मुळ्याचा पाला आंबवून वाळत घातला. गुंद्रुक म्हणतात त्याला. आख्ख्या आळीत आंबूस वास पसरला. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "वहिनी, वर काही वाळत घातलंय, की काही वारलंय?" आईने त्याच गुंद्रुकची वाटीभर आमटी त्यांच्याकडे पाठवली. वाटी रिकामी परत आली. शेरा आला नाही, म्हणजे पुणेरी हिशेबाने ती आवडली होती.

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्याकडचे दिवे गेले. तसे ते नेहमी जायचे. आई कंदील शोधत होती. आजोबा, मी आणि काकू पुढच्या खोलीत. काका आत होता. अंधारात काकूच्या श्वासाचा आवाज बदलला.

"घाबरलीस का, बाळा?" आजोबांनी विचारलं.

"नाही, बुवा. आमच्याकडे दिवे आम्हीच घालवायचो."

आणि ती सांगायला लागली. मराठी, हिंदी, मधेच तिची भाषा. पण त्या दिवशी तिचा एकही शब्द आम्हाला अडला नाही. त्या वसंतात लोकांनी ठरवलं होतं, ठरलेल्या वेळी घरोघरचे दिवे बंद करायचे. घोषणा नाही, दगड नाही. फक्त अंधार. एकेक खिडकी विझत जायची आणि आख्खं शहर काळं व्हायचं. त्या काळोखात एकच इमारत झगमगत उभी असायची, त्यांचा कॅसिनो. ती चिप्सच्या खिडकीत बसून बघायची. भावाला पकडून नेलेलं, आई घरात अंधार करून बसलेली, आणि ती या झुंबराखाली.

"एक दिवस ती वेळ झाली," काकू म्हणाली, "आणि यांनी डाव पुरा केला. सगळ्या चिप्स नीट लावल्या. टाळी वाजवली, हात दाखवले. मग टेबलावरचा दिवा बंद केला."

"मिलिंदने?"

"हो. मोठा शेठ होता टेबलवर. ओरडला. मॅनेजर धावत आला. म्हणाला, दिवा लाव. हे म्हणाले, घटकाभर थांबा, बाहेर सगळे थांबलेत. मॅनेजर म्हणाला, तू इंडियाचा, तुला काय त्याचं? तर हे माझ्या खिडकीकडे बघून म्हणाले, हिच्या घरी अंधार आहे." ती थांबली. "तोपर्यंत आम्ही कधी नीट बोललो पण नव्हतो, बुवा. फक्त चिप्स द्या, चिप्स घ्या."

त्याच आठवड्यात काकाला काढून टाकलं. मूर्ती ओतणाऱ्या सानूच्या बापाने आपल्या घराच्या चौकात, संचारबंदी सैल झाल्यावर, दोघांचं लग्न लावलं आणि गावातून निघायला सांगितलं.

कंदील आला, त्याची काच तापल्याचा वास आला. मग दिवेही आले. आम्ही तिघंही डोळे चोळत होतो, त्यामुळे कोण कशासाठी चोळतंय ते कळलं नाही. आजोबा उठले, आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले.

"मिलिंद," ते म्हणाले, "जेवलास का?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "नाही, बाबा."

"मग चल. पानं घेतलीत."

पानं घेतलेली नव्हती. आई घाईघाईने ताटं मांडायला धावली.

त्यानंतरची वर्षं भराभर गेली. शेतांत इमारती उगवल्या, इमारतीला सोसायटी आली, सोसायटीला फाटक आणि फाटकाला नेपाळी वॉचमन. ते वॉचमन रविवारी काकूकडे यायचे. ती मोठ्या पातेल्यात मोमो उकडायची, गच्चीवर टिमुरची चटणी वाटायची. टिमुर संपलं की मार्केट यार्डातलं तिरफळ. शेजारच्या वसतिगृहातल्या मुली यायला लागल्या आणि काकूचा छोटासा धंदाच उभा राहिला. काका हिंजवडीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनचा व्यवस्थापक झाला. गळ्यात ओळखपत्र लटकवलेली पोरं त्याच्यासमोर ताटं घेऊन रांगेत उभी असायची. चमचे, पेले, ताटांच्या चवडी तो अशा लावायचा की बघत राहावं. आजोबा वॉचमनच्या मुलांचे अभ्यास घ्यायचे आणि फोनवर काठमांडूशी बोलताना 'सबै ठीक' म्हणायचे.

मी कॉलेजात असताना गोव्याहून निरोप आला. मांडवीत जहाजावर कॅसिनो उघडणार होता, सरकारी परवान्याने. काकाच्या जुन्या मॅनेजरला अनुभवी माणसं हवी होती. जुनं सगळं विसरून त्याने काकाला मोठं पद देऊ केलं. दोन दिवस काका गच्चीवर रिकाम्या हातांनी हवेत पत्ते पिसत होता. आपल्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते पुन्हा करायला मिळावं, असं कुणाला वाटणार नाही?

तो आजोबांकडे गेला. आजोबा तेव्हा थकले होते, बहुतेक वेळ अंथरुणावर.

"बाबा, जाऊ का?"

मला वाटलं, आता पुन्हा घरात तो अबोला येणार. पण आजोबा म्हणाले, "मला काय विचारतोस? तिला विचार."

काकू दारात पीठ मळत बसली होती. तिने मान वर केली. "तिथे गोव्याच्या लोकांना आत सोडतात?"

"सोडतात. तिथे तसा नियम नाही," काका उत्साहाने म्हणाला. त्याला वाटलं, ही चांगलीच गोष्ट आहे. "आपल्याच देशात आपल्याला बंदी नाही."

काकू पुन्हा पीठ मळायला लागली. "मग नको," ती म्हणाली. "आमचं राजा वाईट होतं. पण आमची माणसं आत यायचीच नाहीत, म्हणून तिथल्या कुणाच्या बायकोसमोर मला मान खाली घालावी लागली नाही. इथे रोज कुणीतरी आपलंच हरायला येणार. मी चिप्स देणार नाही, पत्ते तू वाटणार. पण घरातलंच कुणी वाटणार."

काका उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. मग खाली जाऊन त्याने फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. तो वर आला तेव्हा आजोबा जागेच होते.

"मिलिंद," ते म्हणाले, "घरात पत्ते आहेत का?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या घरात पत्ते कधीच नव्हते. मी मैत्रिणीकडून जोड आणला. आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा पत्त्याला हात लावला. बोटांनी चाचपून बघितलं, कारखान्यात एखादा सुटा भाग तपासत असतील तसं. "कुठलाही पैशाचा नको," ते म्हणाले. "पोरांचा शिकव."

काकाने बदाम सात शिकवला. आजोबांच्या थरथरत्या हातात पानं राहत नव्हती, म्हणून काकू त्यांच्या पाठीशी उशीसारखी बसली आणि त्यांची पानं पंख्यासारखी धरली. बदामाची सत्ती माझ्याकडे होती, मी ती टाकली. दुपारचं ऊन अंथरुणावर आलेलं, खाली रस्त्यावर कल्हईवाल्याची हाक. आजोबा प्रत्येक पान लावण्याआधी ते कुठे जातं ते विचारायचे.

"आणि हा राजा? हा कधी लावायचा?"

"राजा सगळ्यांच्या शेवटी जातो, बाबा."

"शेवटी का होईना, जातो ना?" आजोबा म्हणाले. "मग झालं."

काकू इतकी हसली की हातातली पानं सगळ्यांना दिसली. डाव आजोबा जिंकले. ते काकाकडे रोखून बघत होते.

"तू मला जिंकवलंस."

"नाही, बाबा."

"मला दिसतं अजून. अठ्ठी होती तुझ्याकडे. दाबून ठेवलीस." त्यांनी पत्ते त्याच्या गुडघ्याकडे सरकवले. "वाट पुन्हा. आता खरं खेळ. तुझं काम कसं होतं, ते मला बघू दे एकदा."

काकाने पत्ते उचलले. पिसले. ते हात मी लहानपणापासून बघत आले होते. चिंचोके, ताटं, चमचे, त्यातून कधी काही निसटलं नव्हतं. त्याने पहिलं पान आजोबांना वाटलं, दुसरं मला, आणि तिसरं पान त्याच्या बोटांतून सुटून जमिनीवर पडलं. तो ते उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. आजोबांनी हात लांब करून त्याच्या केसांवर ठेवला. आम्ही डाव सुरू व्हायची वाट बघत बसलो, आणि कुणालाही घाई नव्हती.